गोचिडाच्या अंड्यात काय संपतं आणि काय उरतं

गोचिडाच्या अंड्यांची बायोकेमिस्ट्री करते म्हटलं की समोरचा आधी नाक मुरडतो आणि मग हमखास विचारतो, की एवढ्याशा अंड्यात मोजण्यासारखं असतं तरी काय. खरं सांगायचं तर एवढा सोपा हिशेब दुसरीकडे कुठे मिळत नाही, कारण अंडं एकदा बाहेर आलं की त्याला वरून काहीही मिळत नाही, ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड आणि थोडी वाफ बाहेर येते, बास. आईने जे भरून दिलं त्याच्यातूनच सगळं करायचं, पेशी करायच्या, पाय करायचे, आतडं करायचं, आणि वर फुटून बाहेर आल्यावर जनावर सापडेपर्यंत तग धरायचा. म्हणजे पहिल्या दिवशी आत काय होतं आणि शेवटच्या दिवशी काय राहिलं हे नीट मोजलं तर मधे काय झालं ते बऱ्यापैकी कळतं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं.

मी काम केलं ते ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोठ्यातल्या जनावरांवरच्या गोचिडावर, जुन्या पुस्तकांत हाच बूफिलस म्हणून सापडतो. हा एकाच जनावरावर सगळं आयुष्य काढतो, मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली गळून पडते, अंडी घालते आणि मरते. आम्हाला लागायच्या या गळायला आलेल्या माद्या. आणल्या की आधी पाण्याने धुवायच्या, टिश्यूवर कोरड्या करायच्या, एकेकीचं वजन करायचं (दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम, लहान आणि मरगळलेल्या बाजूला काढायच्या), आणि पेट्री डिशमधे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर उताण्या चिकटवायच्या. उताण्या अशासाठी की मग पळत नाहीत आणि अंडी कुठे पडतायत ते दिसतं. मग इन्क्युबेटर, २८ अंश, आणि खाली पोटॅशियम क्लोराईडच्या संपृक्त द्रावणाची डिश म्हणजे आतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास आपोआप राहते, कुठलंही मशीन लागत नाही. मला हा मिठाच्या द्रावणाचा प्रकार फार आवडतो, लाईट गेली तरी तो आपलं काम करत बसतो.

पहिले दोन-तीन दिवस काहीच होत नाही. मादी तशीच, रंग थोडा बदलतो इतकंच. या दिवसांत नवीन आलेली पोरं सारखं झाकण उघडून बघतात आणि आर्द्रता घालवतात.

मग एकदा सुरुवात झाली की मात्र डिसेक्टिंग मायक्रोस्कोप सोडवत नाही, आणि हे मी प्रत्येकाला बघायलाच सांगते. मादी तोंडाचा भाग खाली पोटाकडे वाकवते, तोंडाच्या आणि पाठीवरच्या ढालीच्या मधल्या फटीतून एक ओलसर पारदर्शक अवयव फुगून बाहेर येतो, त्याला जेनेचा अवयव म्हणतात, अंडं जननद्वारातून बाहेर आलं की हा अवयव त्याला धरतो, घोळवतो, त्याच्यावर मेणाचा थर चढवतो, आणि मग परत आत ओढला जातो. अंडं तिथे तोंडाजवळ सोडलेलं असतं, चकचकीत, तपकिरी. पुढचं अंडं. परत तेच. हे रात्रंदिवस चालू. हा अवयव मुद्दाम अडवला तर अंडी बाहेर येतात पण वाळून सुरकुततात, हे जुन्या प्रयोगांतून माहीत आहे. म्हणजे बायोकेमिस्ट्रीच्या गप्पा मारायच्या आधी, अंड्यात पाणी टिकलंय ते या मेणामुळे हे डोक्यात ठेवलं पाहिजे. अंडी धुताना ज्यांना चटकन अल्कोहोल किंवा एखादं सॉल्व्हंट मारायची सवय असते त्यांनी तर नक्कीच, कारण मेण गेलं की त्या अंड्याचा पुढचा हिशेब वाळण्याचा हिशेब होतो, वाढीचा नाही.

एक मादी दोन-तीन हजार अंडी सहज घालते, स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास वजन अंड्यांत जातं. रिकामी झालेली मादी बघितली की लक्षात येतं की ती जेवढी फुगली होती ते सगळं खरं म्हणजे पोरांसाठीच होतं.

आता पहिली अडचण. ही अंडी एका दिवसात घातली जात नाहीत, दोन आठवड्यांपर्यंत चालतं, सुरुवातीच्या दिवसांत जोरात आणि मग कमी कमी. सगळा ढीग एकत्र उचलला तर त्यात आजचं अंडंही असतं आणि दहा दिवसांपूर्वीचंही, आणि असल्या मिश्रणाची सरासरी काढून काहीही कळत नाही. म्हणून रोज ठरलेल्या वेळी मऊ ब्रशने त्या २४ तासांतली अंडी गोळा करायची आणि ती वेगळ्या नळीत. तो त्यांचा शून्यावा दिवस. पहिल्या दिवसाची थोडीशी अंडी आणि अगदी शेवटची अंडी मी घेतच नव्हते, शेवटच्यांतली फुटायचं प्रमाण कमी असतं आणि मुळात त्यांत आईने भरलेला मालही वेगळा असू शकतो. अनेक माद्यांची एकाच दिवसाची अंडी एकत्र करून मग वाटून घेतली की एखाद्या मादीचा वेगळेपणा निकालात डोकावत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, रविवार वगैरे काही नसतो, पण संपूर्ण प्रयोगात सगळ्यात महत्त्वाचं काय असं विचाराल तर मी हेच सांगेन, महागडं कुठलंही मशीन नाही.

दुसरी अडचण सरांनी आधीच समोर ठेवली होती. मी उत्साहाने कुठले कुठले एन्झाईम मोजायचे त्याची यादी घेऊन गेले तर त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "अगं, ते सगळं ठीक आहे, पण भागणार कशाने ते सांग."

हे जरा समजावून सांगते, कारण या विषयावरचे आलेख वाचताना पण याचा फार उपयोग होतो. कुठल्याही एन्झाईमची ॲक्टिव्हिटी सांगायची रीत म्हणजे दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे. लिव्हरच्या, स्नायूच्या वगैरे कामात हे चालून जातं कारण प्रोटीन साधारण तेवढंच असतं. अंड्यात मात्र प्रोटीनचा मोठा साठा म्हणजे बलकातलं व्हिटेलिन, अंड्याच्या प्रोटीनपैकी ८० टक्क्यांच्या आसपास तेच, आणि ते २१ दिवसांत हळूहळू मोडत जातं. म्हणजे समजा एखादं एन्झाईम अजिबात बदललं नाही, पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच शेवटी, तरी खालचा भाजक कमी होत गेल्यामुळे आलेख वर चढताना दिसणार आणि तुम्ही लिहिणार की एन्झाईम वाढलं! बरं, दर ग्रॅम वजनामागे करावं तर अंडं दिवसागणिक थोडं थोडं पाणी घालवतं, आणि जाळलेला कार्बनही हवेतून निघून जातो, म्हणजे वजन पण सरकणारंच. शिल्लक राहतं ते एकच, दर अंड्यामागे. अंड्यांची संख्या बदलत नाही.

म्हणून केलं काय, तर शून्याव्या दिवशीच ५० मिलिग्रॅमच्या पुड्या तोलल्या. या जातीत एक ग्रॅम म्हणजे साधारण २०,००० अंडी, त्यामुळे ५० मिलिग्रॅम म्हणजे हजारभर. प्रत्येक पुडी वेगळ्या छोट्या नळीत, तोंडाला कापसाचा बोळा, आणि त्या त्या दिवशी अख्खी नळी उचलून फ्रीज करायची, तेव्हा तिचं वजन किती भरतंय याच्याशी मला देणंघेणं नाही, ते फक्त पाणी किती गेलं हे बघायला. काही पुड्या मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष मोजून पाहिल्या, मान मोडते पण विश्वास बसतो. तोलताना मेणामुळे अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि सुटी अंडी प्लॅस्टिकच्या चमच्याला चिकटून बसतात, झटकली की भलतीकडेच उडतात, म्हणून धातूचा चमचा आणि पंखा बंद.

प्रत्येक दिवसाचे दोन सेट. एका सेटमधे दळताना प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाईमना, म्हणजे प्रोटिएजना, अडवणारी रसायनं) घालायचे, तो जेलसाठी (जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटी होतात), कारण बलकातली प्रोटीन कापणारी एन्झाईम नळीत पण कापत बसतात. दुसऱ्यात घालायचे नाहीत, कारण त्यातच ती एन्झाईम मोजायची आहेत. दळणं पण सोपं नाही, अंड्याचं कवच चिवट असतं आणि प्लॅस्टिकच्या मुसळीखालून अंडी सटकतात, काचेचा होमोजिनायझर बर्फात ठेवून हळूहळू फिरवायला लागतो. सेंट्रिफ्यूजमधून काढलं की खाली कवचांचा गाळ, वर चरबीचा पांढुरका थर, आणि मधे तपकिरी द्रव. कामाचा तो मधला.

हा तपकिरी रंग म्हणजे या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. तो हीमचा रंग, हिमोग्लोबिनमधला जो लोह असलेला तुकडा तोच. जवळपास सगळे प्राणी हीम स्वतः बनवतात, त्याची आठ टप्प्यांची साखळी असते. गोचिडात ही साखळी पूर्ण नाही. मायक्रोप्लसला स्वतःचं हीम बनवता येत नाही हे १९९९ मधे दाखवलं गेलं, आणि २०१६ मधे इक्सोडिस रिसिनस या दुसऱ्या गोचिडावर आणखी सुंदर काम झालं, त्यात माद्यांना हिमोग्लोबिन नसलेला नुसता सीरम पाजला, त्यांनी पोट भरून घेतलं, अंडी पण घातली, पण त्यांतून पिल्लं निघाली नाहीत. म्हणजे भ्रूणाला लागणारं सगळं हीम हे आईने पिलेल्या रक्तातलं उसनं. ते तिच्या आतड्यातून बाहेर पडतं, वाहक प्रोटीनवर बसून बीजकोशात जातं, आणि व्हिटेलिनला चिकटून अंड्यात साठतं. जनावराच्या हिमोग्लोबिनमधला तुकडा गोचिडाच्या पिल्लाच्या सायटोक्रोममधे (पेशीच्या श्वसनाला लागणाऱ्या प्रोटीनमधे) जाऊन बसतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच काही वेळ पुढचं वाचता आलं नव्हतं.

प्रॅक्टिकल बाजूने या हीमचा त्रासच फार. रंगावर चालणाऱ्या प्रत्येक टेस्टमधे तो आपला रंग मिसळतो, ४०० नॅनोमीटरच्या आसपास तर शोषण इतकं की बाकी काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक, म्हणजे सगळं तेच, फक्त रंग आणणारं रिएजंट नाही. नळ्या दुप्पट होतात. इलाज नाही.

रसायनाकडे वळायच्या आधी आत भ्रूण कुठल्या टप्प्यावर आहे तेही बघायला लागतं, नाहीतर दहावा दिवस म्हणजे काय हे कोणालाच कळणार नाही, इन्क्युबेटर दोन अंशांनी थंड असला तरी कॅलेंडर सरकतं. अंडी क्षणभर उकळत्या पाण्यात, मग फॉर्मल्डिहाइड आणि हेप्टेनमधे हलवायची, आणि मग बारीक चिमट्याने कवच सोलायचं. सोलताना निम्मी फुटतात. जी राहतात त्यांना डॅपी हा डीएनएला चिकटणारा रंग लावून फ्लुओरोसन्समधे बघितलं की केंद्रकं निळी चमकतात. सुरुवातीचे दिवस नुसती केंद्रकं दुप्पट होत जातात, त्यांच्यामधे पेशींच्या भिंती नाहीत, सगळं एकाच बलकात पोहतंय. मग ती कडेला सरकतात आणि सहाव्या दिवसाच्या सुमारास भिंती पडून वरून एक पेशींचा थर तयार होतो. त्याच्या लगेच मागोमाग शरीराचा पट्टा लांबतो, खंड दिसायला लागतात, पायांचे कोंब येतात. आणि इथे एक गंमत, कोंब आठ येतात. गोचिडाच्या लार्व्हाला, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाला, पाय मात्र सहाच असतात. चौथी जोडी येते आणि परत आक्रसून जाते, पुढे निम्फ (लार्व्हानंतरची अवस्था) झाल्यावर ती मिळते. मी मुद्दाम त्या दिवसांची जास्त अंडी सोलली, फक्त ते मागचे दोन छोटे कोंब बघायला.

आता आकडे. साध्या डोळ्याने बघाल तर पहिल्या आठवड्यात अंडं जसंच्या तसं, गुळगुळीत तपकिरी, काही म्हणजे काही फरक नाही. ग्लायकोजेन मात्र याच काळात धडाधड उतरतं. पद्धत जुनीच, गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधे सगळं विरघळवायचं, अल्कोहोलने ग्लायकोजेन खाली बसवायचं, मग सल्फ्युरिक ॲसिडमधलं अँथ्रोन घालून उकळलं की निळसर हिरवा रंग येतो, ६२० नॅनोमीटरला वाचायचा. पेशींचा थर तयार होईपर्यंतचे माझे आकडे उतरते होते, त्यानंतर उतार थांबला. पहिल्यांदा वाटतं की साखर जाळून ऊर्जा घेतली असेल, तेवढंच. पण त्याच नमुन्यांत ग्लुकोज ६ फॉस्फेट डिहायड्रोजिनेज मोजलं तर ते सुरुवातीलाच जोरात आहे, आणि ते काय करतं, तर साखरेला दुसऱ्या वाटेने नेतं जिथून डीएनए आणि आरएनएसाठीची रायबोज मिळते आणि एनएडीपीएच (पेशीतल्या रासायनिक क्रियांना इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) मिळतं. इतक्या झपाट्याने केंद्रकं दुप्पट होतायत तर डीएनएचा कच्चा माल लागणारच. आणि एनएडीपीएच कशाला लागतं ते पुढे हीमपाशी येईलच.

उतार थांबला म्हणजे साखरेचा वापर थांबला असं नाही. पेपसीके नावाचं एन्झाईम, जे साखर नसलेल्या गोष्टींपासून साखर परत बनवण्याच्या वाटेवरचं आहे, ते थर तयार झाल्यानंतरच्या नमुन्यांत वर येतं. म्हणजे मोडलेल्या प्रोटीनमधल्या अमिनो ॲसिडपासून साखर बनवली जातेय. आधी साठा वापरला आणि मग उत्पादन सुरू केलं. एकाच आकड्यावर भरवसा ठेवून बसलं असतं तर सपाट रेषा बघून कोणी म्हटलं असतं की इथे काहीच चाललेलं नाही.

प्रोटीनची गोष्ट सावकाश चालते. ब्रॅडफर्ड टेस्टने दर अंड्यामागचं विरघळणारं प्रोटीन मोजत गेलं तर उतार आहे पण सौम्य, आणि निनहायड्रिन या रिएजंटने सुटी अमिनो ॲसिड बघितली तर ती वाढतायत. खरी मजा जेलवर. एकेका दिवसाचा नमुना शेजारी शेजारी लावला, प्रत्येक खाचेत तेवढ्याच अंड्यांचा (तेवढ्याच प्रोटीनचा नाही, परत तेच भाजकाचं प्रकरण), आणि कूमासी या प्रोटीनला चढणाऱ्या निळ्या रंगाने रंगवलं. डावीकडे व्हिटेलिनचे जाडजूड पट्टे, उजवीकडे जात जात ते बारीक होतात, खाली नवीन छोटे पट्टे उगवतात, काही दिवस राहतात आणि तेही जातात. रंग काढताना ट्रेमधे तो जेल हळूहळू स्वच्छ होत जातो तेव्हा तीन आठवडे एका नजरेत दिसतात. त्या दिवशी आमच्या लॅबमधे ज्याला त्याला बोलावून दाखवलं मी.

हे कापणारे कोण? बलकात आईनेच ठेवलेली एन्झाईम आहेत. बीवायसी म्हणून एक आहे, अस्पार्टिक प्रोटिएजचं न उघडलेलं रूप, ते आई स्वतःच्या शरीरात बनवून अंड्यात पाठवते, शिवाय सिस्टीन प्रोटिएज आहेत, आणि हीमला चिकटणारं एक अस्पार्टिक प्रोटिएजही सापडलेलं आहे. म्हणजे साठा आणि साठा फोडणारी हत्यारं एकाच ठिकाणी ठेवलेली. मग पहिल्याच दिवशी सगळं फस्त का होत नाही? कारण ही एन्झाईम आम्लात चालतात. बलकाच्या कणांचा पीएच खाली आला की ती जागी होतात, आणि तो कधी, कुठल्या कणात, किती खाली आणायचा हे भ्रूण ठरवतं. म्हणून नमुना न्यूट्रल बफरमधे बर्फावर ठेवला की बराच काळ धड राहतो आणि पीएच ४ च्या आसपास नेला की नळीतच व्हिटेलिन तुटायला लागतं. आम्ही तेच वापरलं, आम्ल बफर, त्यात हिमोग्लोबिन घालायचं, तुटलेले तुकडे मोजायचे, आणि शेजारच्या नळीत पेप्स्टॅटिन (अस्पार्टिकना अडवणारं), तिसरीत ई-६४ (सिस्टीनवाल्यांना अडवणारं), म्हणजे कुठल्या जातीचं एन्झाईम किती ते वेगळं करता येतं. यात वापरायचं हिमोग्लोबिन बाटलीतून येतं आणि ते गाईचंच असतं, म्हणजे मादीने जे पिलं होतं तेच आपण तिच्या अंड्यांच्या एन्झाईमना परत देतोय.

व्हिटेलिन तुटलं की त्याला चिकटलेलं हीम मोकळं होणार, आणि मोकळं हीम म्हणजे भयंकर प्रकार. ते चरबीत घुसतं, पेरॉक्साइडशी जुळलं की पडद्यांची वाट लावतं. बहुतेक प्राणी जास्तीचं हीम हीम ऑक्सिजिनेज नावाच्या एन्झाईमने फोडून टाकतात. गोचिडात तेही नाही! बनवता येत नाही आणि मोडताही येत नाही. म्हणजे अंड्यातलं एकूण हीम पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेवढंच राहायला पाहिजे, आणि मी पिरिडीन घालून, डायथायोनाइटने रिड्यूस करून ५५७ चा पीक वाचला तेव्हा दर अंड्यामागचा आकडा खरंच जागचा हलला नाही. मला याचा दुहेरी फायदा झाला, एक तर उत्तर मिळालं, आणि दुसरं म्हणजे माझ्या पुड्यांत खरोखर सारखी अंडी आहेत का याची ती आपोआप परीक्षा होती. एखाद्या नळीचं हीम कमी आलं तर समजायचं की दळण अर्धवट झालंय, त्या नळीचे बाकीचे आकडे पण घ्यायचे नाहीत.

मग मोकळं झालेलं हीम जातं कुठे? भ्रूण आपल्या प्रोटीनसाठी थोडं घेतो, पण बरंचसं उरलेल्या व्हिटेलिनलाच जाऊन चिकटतं. व्हिटेलिनची हीम धरायची ताकद त्याच्यावर मुळात असलेल्या हीमपेक्षा पुष्कळ जास्त आहे. म्हणजे व्हिटेलिन कमी कमी होत जातं आणि जे शिल्लक आहे त्याच्यावरचा हीमचा बोजा वाढत जातो. नुसती खाण्याची साठवण म्हणून त्याच्याकडे बघणं मला तेव्हापासून पटत नाही, ते पहारेकरी पण आहे. त्याच्या जोडीला कॅटलेज, ग्लुटाथायोन एस ट्रान्सफरेज वगैरे संरक्षण करणारी एन्झाईम, आणि ग्लुटाथायोन या रक्षक रेणूला परत परत कामाला लावायला लागतं ते एनएडीपीएच, सुरुवातीच्या साखरेच्या दुसऱ्या वाटेवरून येणारं. कॅटलेज मोजायला सोपं, हायड्रोजन पेरॉक्साइड २४० ला घटताना बघायचं, माझ्याकडे ते दिवसांबरोबर वाढत गेलं, आणि हे दर अंड्यामागे, त्यामुळे मी छातीठोकपणे वाढलं म्हणते.

लिपिडवर फार लिहीत नाही. क्लोरोफॉर्म आणि मेथेनॉल दोनास एक, फोल्चची पद्धत, मग टीएलसी, म्हणजे पातळ थरावर लिपिड वेगवेगळी करणं. ट्रायग्लिसराइड कमी होत जातात, विशेषतः नंतर नंतर जेव्हा भ्रूण हलायला लागतो आणि श्वसन वाढतं. नाक बंद करून करायचं काम आणि फ्यूम हूडसाठी नंबर लावून बसायचं काम, बाकी त्यात धक्का देणारं काही नाही.

नायट्रोजनचं मात्र सांगितलं पाहिजे. अमिनो ॲसिड जाळली की नायट्रोजन उरतो, आणि बंद अंड्यात अमोनिया साठवून कसं चालेल. कीटकांच्या सवयीने कोणी युरिक ॲसिडचं किट आणून ठेवतं आणि हातात काही पडत नाही, कारण गोचिडाचा कचरा हा मुख्यतः ग्वानिन. पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्रासही देत नाही. शेवटच्या दिवसांत अंड्याच्या कवचातून एक पांढरा ठिपका दिसायला लागतो, तो म्हणजे हाच साठलेला ग्वानिन. इतके दिवस नळ्या आणि आलेख बघितल्यावर रसायन असं नुसत्या डोळ्याला दिसतं याचं मला अप्रूप वाटतं. अंडी फुटायला आली हे ओळखायची लॅबमधली खूण पण हीच, ठिपका दिसला की कापसाचे बोळे घट्ट करायचे.

कोणी विचारेल की हे सगळं कशासाठी. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मधे गुरांचा टेक्सास फीव्हर गोचिडांमार्फत पसरतो हे दाखवलं, आणि त्यातला कळीचा भाग हा की आजारी जनावरावरच्या मादीच्या अंड्यातून निघालेली पिल्लं, ज्यांनी अजून कोणालाच चावलेलं नाही, ती पण आजार देतात. म्हणजे या तापाचा परजीवी, बबेसिया, अंड्यातून जातो. अंडं हा आजाराचा पण रस्ता आहे. आणि दुसरं, ज्या प्रोटीनवाचून अंड्याचं चालत नाही ते लसीसाठी चांगलं लक्ष्य असू शकतं, बीवायसी आणि व्हिटेलिन दोन्ही गुरांना टोचून बघितलेली आहेत, संरक्षण मिळालं पण अर्धवट. माझं मत विचाराल तर एकट्या बलकाच्या प्रोटीनवर लस उभी राहणार नाही, मादीकडे त्याचा साठा प्रचंड आहे आणि गाईच्या अँटिबॉडीला इतक्या सगळ्याला पुरून उरणं अवघड आहे, थोड्या प्रमाणात असणारी आणि अडवली की काम ठप्प करणारी एन्झाईम जास्त आशेची वाटतात. यावर आमच्या लॅबमधे दोन तट आहेत.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास अंडी फुटली. नळीत रिकामी कवचं आणि वर बोळ्याला घोस करून लटकलेले सहा पायांचे लार्व्हा. त्यांना नळीसकट बर्फात ठेवलं की गार पडून खाली येतात, नाहीतर गोचिडासारखं चिकटणं म्हणजे काय ते हातावर कळतं. त्यांना पण तसंच दळलं आणि जेलवर अंड्यांच्या शेजारी चालवलं. व्हिटेलिनचे पट्टे होते, बारीक झालेले पण ठळक. आईने दिलेली शिदोरी अंड्यात संपवायची नसतेच, लार्व्हाला गवताच्या टोकावर जनावराची वाट बघत महिनेच्या महिने काढायचे असतात आणि तेव्हा खायला हेच असतं. म्हणून भ्रूणाचा अभ्यास फुटण्याच्या दिवशी थांबवणं मला तरी अर्धवट वाटतं, आणि सरांना तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "मग चालू ठेव की." सध्या उपाशी लार्व्हांच्या नळ्या इन्क्युबेटरमधे आहेत, ठरावीक अंतराने एकेक काढतेय. व्हिटेलिन अजून उतरतंय, हीमचा आकडा तिथेच आहे, आणि कॅटलेजचे ताजे आकडे अजून काढायचे आहेत कारण स्पेक्ट्रोफोटोमीटरचा यूव्ही लॅम्प बदलायला झालाय.